गाडी घरी ठेवा, असं सांगायला कोल्हापुरात

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी अंबाबाईचं दर्शन झालं का ते विचारतात आणि मग तांबडा-पांढरा कुठे खाल्ला ते. दर्शन झालं, रस्साही झाला. पण मी गेले होते ती कोल्हापूरकरांना त्यांच्या गाड्या घरी ठेवायला सांगायला, आणि तिथे होते तेवढे सगळे दिवस मी घाबरलेली होते.

माझं कामच ते आहे. नाशिकमध्ये आमचा एक लहानसा गट आहे. कारखाने किंवा कचेऱ्या जिथे दाटीने आहेत अशा भागांत जाऊन आम्ही लोकांना सांगतो, कामावर चालत या, सायकलवर या, बसने या. कोल्हापूरबाहेर महामार्गाला लागून लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या फौंड्र्यांची मोठी वसाहत आहे. तिथल्या काही कारखानदारांनी आम्हाला बोलावलं होतं. शिफ्ट सुटताना वसाहतीच्या तोंडाशी मोटरसायकलींचा असा गुंता होतो म्हणे, की बाहेरचा ट्रक आत येत नाही आणि आतला बाहेर पडत नाही. त्यांना एक शुक्रवार गाडीशिवाय पाळून बघायचा होता. नाशिकला असा दिवस मी केलेला होता. पण आमच्याकडची वसाहत शहराच्या पोटात आहे. इथे लोकांचं घर आणि त्यांचं काम यांच्या मधे महामार्ग होता. नकाशात ती जाड रेघ पाहिली तेव्हाच माझी धाकधूक सुरू झाली.

मंगळवार. स्टँड ते फौंड्री

स्टँडवर मला घ्यायला फौंड्रीचे कामगार अधिकारी आले होते, संभाजी माने. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, बुलेट. मी उतरल्या उतरल्या त्यांनी माझी बॅग टाकीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा की मॅडम."

"मी बसने येते," मी म्हटलं. "लोकांना बसने या म्हणून सांगायचं आणि आपण बुलेटवर उतरायचं, बरं नाही दिसत."

मानेंनी बॅग टाकीवरून काढून माझ्या हातात दिली. "बरं. या मग. वाट बगतो. जेवायच्या येळंपातूर आलासा तर बरं."

शहराच्या बसमध्ये म्हातारी माणसं होती, शाळेच्या मुली होत्या, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या. कमावत्या वयाचा पुरुष कंडक्टर सोडून एकही नव्हता. शेजारच्या आजोबांनी विचारपूस केली. "पावणं कुटलं?"

"नाशिकची."

"गाडी न्हाय व्हय तुमास्नी?"

"आहे. घरी ठेवलीय."

त्यांनी मान हलवली आणि मला खिडकीची जागा दिली. आजारी माणसाला देतात तशी.

पंचगंगेचा पूल ओलांडून बस फाट्यावर थांबली. पुढे ती जात नव्हती. फाट्यापासून वसाहतीपर्यंत महामार्गाच्या कडेने चालत जायचं. हंगाम चालू होता, त्यामुळे उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर एकामागून एक निघाले होते. स्पीकरवर गाणी मोठमोठ्याने लावलेली. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस इतका बाहेर आलेला, की ती जवळ आली की मला गटाराच्या काठावर उतरावं लागे. एका ठिकाणी ओढ्यावरची मोरी होती. तिथे कडाच संपत होती. डावीकडे बुटका कठडा, उजवीकडे गाड्या. मोरी ओलांडायला मी किती तरी वेळ उभी राहिले आणि मग अक्षरशः पळाले.

फौंड्रीच्या दारात माने उभेच होते. "आलासा? मी म्हटलं गेलासा परत नाशिकला."

दुपारी कँटीनमध्ये सभा झाली. मी माझं नेहमीचं बोलले. चालण्याने तब्येत सुधारते, पेट्रोल वाचतं, हवा स्वच्छ राहते. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, गाडी घरात ठिवून निघालो तर बायको म्हणंल नोकरी गेली ह्याची." सगळे हसले. मीही हसले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "मी तर रोजच चालत येतो की. आमचा शुक्रवार रोजचाच हाय."

त्या वैशाली कांबळे. ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे बसवतात. ते गाभे करणाऱ्या विभागात त्या होत्या. चाळिशीच्या आसपास वय, काटक अंग, कोपरापर्यंत काळी वाळू. बाईच्या तोंडून "मी येतो" ऐकून मी आधी गोंधळले. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एखादी बाई "मी जातो" म्हणाली तर लोक वळून बघतील. इथे ते इतकं सरळ होतं, की दोन दिवसांत माझ्याही तोंडात यायला लागलं.

सभा संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "ताई, पोरीची सायकल घरात उभी हाय. शाळंत मिळालेली. ती आता शिकायला पुण्याला हाय. मला चालवाय येती. पर घरचं मालक न्हाय म्हणत्यात. तुमी येऊन सांगतासा काय?"

बुधवार. वैशालीबाईंच्या घरी

महामार्गाच्या पलीकडच्या वस्तीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची, खाली ताज्या फुलांची वाटी. दाराच्या मागे निळी सायकल, पुढे टोपली असलेली. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ होती. "पुराची," त्यांनी सहज सांगितलं, जणू भिंतीला रंगच तसा दिलेला होता.

मी सायकलचं बोलायला आले होते, पण "जेवल्याबिगर सोडत न्हाय" झालं. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि खर्डा. आमच्याकडच्या ठेच्याचा हा चुलत भाऊ, फक्त जास्त रागीट. डोळ्यांतून पाणी आलं तसं वैशालीबाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "नाशिकला साखर घालतासा काय मिरचीत?"

त्यांचे यजमान अनिल कांबळे वेल्डिंगचं काम करतात. बोलणं कमी. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं. "त्या मोरीवरनं तुमी गेलासा न्हवं काल?"

"हो."

"मग हिला काय झालं तर जबाबदारी तुमी घेतासा?"

मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी म्हटलं, "शुक्रवारी मी स्वतः त्या रस्त्यावर असेन." हे उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं. पण बायकोचा चेहरा बघून ते म्हणाले, "बरं. एक दिवस."

घरातून निघाले तेव्हा वैशालीबाई वस्तीच्या बोळात सायकल फिरवत होत्या. साडीचा कासोटा घातलेला. शेजारच्या बायका हसत होत्या आणि त्या घंटी वाजवत होत्या. मला फार आनंद व्हायला हवा होता. पण "जबाबदारी" हा शब्द चपलेत खडा शिरावा तसा रुतून बसला होता.

गुरुवार. गंगावेस

संध्याकाळी माने मला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. कोल्हापुरात रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. धारोष्ण दूध मी लहानपणीसुद्धा कधी प्यायले नव्हते. पहिल्या घोटाला बिचकले, मग आख्खा पेला संपवला. माझ्या ओठांवर फेसाची मिशी आली आणि मानेंच्या मिशीवरही, तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं मोकळे हसलो.

"उद्या मी चालत येणार," माने म्हणाले. "शाहूपुरीतनं. बुलेट घरात."

"खरंच?"

"सांगितलंय लोकास्नी. आता न्हाय गेलो तर तोंड दाखवायला जागा न्हाय." मग पेला खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमी एवढ्या कशाला घाबरलायसा? माणसं लहान न्हाईत."

माणसं लहान नव्हती. रस्ता मोठा होता.

शुक्रवार

सकाळी नदीवरून धुकं आलं होतं. मी फाट्यावर उभी राहिले. बस आली, आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दारापर्यंत माणसं लटकलेली. मोल्डिंगचे, मशीनशॉपचे, ऑफिसमधले, सगळे गडी डबे घेऊन उतरले. एकमेकांना चिडवत, जत्रेला निघाल्यासारखे चालायला लागले. थोड्या वेळाने धुक्यातून माने आले, घामाघूम. वाटेत भेटेल त्याने त्यांना विचारलं होतं म्हणे, "साहेब, बुलेट बंद पडली?" उत्तरं देऊन त्यांचा घसा बसला होता. काही सायकली आल्या. त्यांच्याबरोबर मीही फौंड्रीवर आले. दारात कुणीतरी रांगोळी काढली होती. गाड्या लावायचं पटांगण रिकामं पडलं होतं आणि त्यात मधोमध एक कुत्रं आरामात झोपलं होतं. कारखानदारांनी त्याचे फोटो काढले.

वैशालीबाई आल्या नव्हत्या.

शिफ्टचा भोंगा झाला. त्यांच्या विभागातल्या बायका म्हणाल्या, "ती आमच्या मागनं निघाली हुती, सायकलवर." फोन लावला, लागला नाही. मी दाराबाहेर आले. तेवढ्यात उशिरा पोचलेला एक कामगार धावत आला आणि मानेंना म्हणाला, "मोरीपाशी ट्रॉली पलटी झालीया. ऊस सगळा रस्त्यावर. खाली सायकल हाय."

मानेंनी सवयीने खिशात हात घातला, बुलेटच्या किल्लीसाठी. किल्ली घरी होती. सगळ्यांच्याच किल्ल्या घरी होत्या. मग आम्ही पळायला लागलो. ते पुढे, मी मागे, महामार्गाच्या कडेने. धाप लागत होती आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, शुक्रवारी मी स्वतः त्या रस्त्यावर असेन.

मोरीवर ऊस डोंगरासारखा पडला होता. ट्रॅक्टर तिरका उभा, मागची ट्रॉली आडवी, आणि उसाच्या मोळ्यांखालून निळी टोपली दिसत होती. चेपलेली. माणसं ऊस ओढत होती. मीही ओढायला लागले. पात्यांनी हात कापले ते मला नंतर कळलं. खाली फक्त सायकल होती.

"बाई कुठाय?" माने ओरडले.

"रिक्षातनं न्हेली दवाखान्यात," कुणीतरी म्हणालं.

"कशी होती?" मी विचारलं.

तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "रगात लई हुतं."

मानेंनी हात करून एक रिक्षा थांबवली. पुलावरून जाताना मी नदीकडे बघत होते आणि अनिलना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. एकही पुरं होत नव्हतं.

दवाखान्याच्या ओट्यावर वैशालीबाई बसल्या होत्या. साडी छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल. मला बघून त्या उठल्या.

"ताई, माझं न्हाय ते रगात."

मी त्यांना घट्ट धरलं आणि रडले. मानेंनी तोंड फिरवून मिशी पुसली.

झालं होतं असं. मोरीवर समोरून ट्रॉली हेलकावत येताना दिसली, तशी वैशालीबाईंनी सायकल सोडून कठड्यावरून ओढ्याच्या काठावर उडी मारली. ट्रॉलीतल्या उसावर बसून एक ऊसतोड बाई चालली होती, बीडकडची. ती फेकली गेली. पाय मोडला, डोकं फुटलं. ट्रॅक्टरवाला नुसता बघत उभा होता, तेव्हा वैशालीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने दाबून धरलं आणि रिक्षात घालून आणलं. डॉक्टर म्हणाले होते, वाचेल. तिचं माणूस येईपर्यंत त्या हलणार नव्हत्या. "परमुलखातली बाई हाय. शुद्धीवर आल्यावर कोण तरी दिसाय पायजे की तिला."

बोलता बोलता त्या हातांवरचं वाळलेलं रक्त खरवडायला लागल्या. "आता भ्या वाटाय लागलंय बगा. तवा कायच झालं न्हवतं."

तेवढ्यात अनिल आले. बायकोला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "मी ईचारलं हुतं न्हवं तुमास्नी?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "मी यांना उद्यापासून सायकल काढा असं सांगणार नाही."

"ताईस्नी बोलू नगासा," वैशालीबाई नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चालत असतो तरी ट्रॉली तितंच पडली असती. रोज तितनंच चालत जातो मी. एवढ्या वर्सांत कुणी ईचारलं न्हाय, जबाबदारी कुणाची म्हणून. तुमीबी न्हाय."

अनिल ओट्यावर बसले. म्हणाले, "मग काय करायचं? उडून जायाचं?"

"शेतातनं गाडीवाट हाय की. महामार्गाच्या पुलाखालनं येती आणि फौंड्रीच्या मागच्या गेटाला लागती. महामार्ग लागतच न्हाय."

आम्ही सगळ्यांनी मानेंकडे बघितलं.

"ते गेट बंद हाय," माने म्हणाले. "भंगार चोरीला जात हुतं मागनं." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की शेजारून जाणाऱ्या नर्सनेसुद्धा वळून पाहिलं नाही.

दुपारी कारखानदारांची बैठक ठरलेली होती. टेबलावर माझ्यासाठी फुलांचा गुच्छ होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर रिकाम्या पटांगणाचे फोटो. मला बोलायला कधी एवढी भीती वाटली नव्हती. दिवस चांगला झाला होता, हे खरंच होतं. ती बस, ती माणसं, ते हसणं मी विसरू शकत नव्हते. पण मी म्हटलं, "मोरीपाशी चालणाऱ्याला जागा नाही तोवर मी कुणालाही त्या रस्त्याने सायकल काढा म्हणणार नाही. जे आज तिथून रोज चालतात त्यांच्यासाठी आधी वाट द्या. मागचं गेट उघडा."

एक जण म्हणाले, "सुरक्षेचा प्रश्न आहे. बघू."

मागे उभे असलेले माने पुढे आले. शर्टावर सकाळचा घाम वाळून पांढरा झाला होता. "साहेब, किल्ली माझ्याकडंच असती. उद्या सकाळी उघडतो. चोरी झाली तर मला धरा." आणि कुणी काही म्हणायच्या आत बाहेर गेले. नको असं मात्र कुणी म्हणालं नाही.

शनिवार. शेतवाट

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी मी वस्तीत गेले. वैशालीबाई आणि शेजारच्या बायका डबे घेऊन तयार होत्या. पुलाखालून निघालो आणि महामार्गाचा आवाज हळूहळू मागे पडला. दोन्ही बाजूंना ऊस, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, दंवाने भिजलेली माती. कुठल्यातरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येत होता. बायका मोठमोठ्याने बोलत, हसत चालल्या होत्या. महामार्गावर त्या एका रांगेत, गप्प चालत असतील, असं मला तेव्हा जाणवलं.

मला मात्र गेटची काळजी. रात्रीतून साहेबांचा फोन गेला असेल तर? या सगळ्याजणी बंद दारासमोर उभ्या राहिल्या तर?

गेट बंदच होतं. वेलींनी भरलेलं. पण पलीकडून घणाचे घाव ऐकू येत होते. गंजलेलं कुलूप किल्लीला दाद देईना म्हणून माने स्वतः ते तोडत होते आणि कुलपाला आईबहिणीवरून ऐकवत होते. बायका दिसल्या तसे ते एकदम थांबले. मग शेवटचा घाव घातला, खांदा लावला आणि गेट करकरत उघडलं.

"या," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पावसाळ्यात हितं कमरंएवढं पाणी असतंय मॅडम. तवा काय करायचं?"

वाट थोडी उंच करून मिळते का, आणि बस फाट्याच्या पुढे येते का, हे माने अजून सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून विचारतायत.

निघताना मी वैशालीबाईंना म्हटलं, "एक करा. रोज कामावर पोचलात की मला एक मिस्ड कॉल द्या. उचलत नाही मी. नुसती रिंग."

"येवढं भ्या वाटतंय?"

"वाटतं."

नाशिकला आल्यावर रोज सकाळी फोन वाजायचा. एक रिंग आणि बंद. सायकलचं चाक अनिलनी स्वतः सरळ करून दिलं, असं वैशालीबाईंनी मधे एकदा फोनवर सांगितलं. मी चहा करताना फोन ओट्यावर ठेवत असे आणि रिंग झाली की मगच गाळत असे.

एका सकाळी फोन वाजला नाही. मी वाट पाहिली. चहा उकळून उकळून कडू झाला. फोन लावला, बंद. मानेंना लावला, उचलला नाही. दुपारपर्यंत मी तीच खोली किती वेळा झाडली ते मला आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत वैशालीबाईंचा फोन आला.

"काय झालं?" मी जवळजवळ ओरडले.

"कुठं काय? अवो ताई, इसरलो की!"

मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, डब्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला खर्डा मागत होतं.

"लावू काय उद्यापास्नं?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं, आणि जेवायला बसले.